सरासरी ४९.५, आणि तितके तापमान कुठेच नव्हते: ३० मे २०२४, नागपूर

नागपूरकराला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील उन्हाचे अप्रूप नसते. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरावे लागते आणि ४५ अंशांच्या आकड्यावर कोणी भुवई उंचावत नाही. त्यामुळे ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस अशी नोंद दाखवली, तेव्हा ती बातमी आधी देशभर पसरली आणि शहरात मात्र लोक एकमेकांना फोन करून विचारू लागले, की तुमच्याकडेही तसेच तापले आहे का. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना मी हे प्रकरण वर्गात घेतो. सारांश संख्या, म्हणजे सरासरीसारखे अनेक नोंदींचे सार सांगणारे आकडे, कुठवर साथ देतात आणि कुठे हात वर करतात, हे इतक्या थोड्या आकड्यांत दाखवणारे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

आकडे चारच आहेत. रामदासपेठेत, उत्तर अंबाझरी मार्गालगत, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतजमिनीवर असलेल्या केंद्राची नोंद ५६ अंश होती. सोनेगाव येथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातील स्वयंचलित केंद्राने ५४ अंश दाखवले. वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या परिसरातील केंद्र आणि शहरापासून दूर असलेले रामटेकचे केंद्र या दोहोंनी ४४ अंशांच्या आसपासची नोंद दिली. आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवून खळबळ उडवली होती. म्हणजे लोकांची मने असा आकडा खरा मानण्यास तयारच होती.

वर्गात मी हे चार आकडे फळ्यावर लिहितो, भारतीय हवामान विभागाने नंतर दिलेले स्पष्टीकरण सांगत नाही, आणि एवढेच विचारतो की या दिवशी नागपुरात किती तापमान होते असे तुम्ही लिहाल.

पहिला हात नेहमीप्रमाणे सरासरीसाठी वर जातो. ५६, ५४, ४४ आणि ४४ यांची बेरीज १९८, सरासरी ४९.५. उत्तर अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि हवामानाच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण त्या दिवशी चारपैकी एकाही ठिकाणी ४९.५ च्या जवळपासचे तापमान नोंदले गेले नव्हते. हे चार बिंदू एका रेषेवर मांडले तर डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असे दोन पुंजके दिसतात आणि मध्ये दहा अंशांची रिकामी जागा उरते. सरासरी नेमकी त्या रिकाम्या जागेत जाऊन बसते. नुसता आकडा पाहणाऱ्याला ही रिकामी जागा कधीच कळत नाही. चार टिंबे काढायला अर्धा मिनिट लागतो, तरी बहुतेक विद्यार्थी ती न काढताच गणकयंत्राकडे वळतात, आणि याला विद्यार्थ्यांपेक्षा आम्ही शिक्षकच अधिक जबाबदार आहोत असे माझे मत आहे.

दुसरा हात मध्यकासाठी, म्हणजे नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्यासाठी, येतो आणि त्यामागचा विचार चांगला असतो. आम्हीच शिकवलेले असते की टोकाच्या मूल्यांनी सरासरी ओढली जाते, मध्यक ओढला जात नाही. पण येथे मध्यक ४४ आणि ५४ यांच्या मधोमध, म्हणजे ४९ येतो. सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाचा फरक पडला आणि हा मध्यकही त्याच रिकाम्या जागेत बसला. याचे कारण मध्यकाच्या सहनशक्तीला असलेली मर्यादा आहे. चारपैकी एकच नोंद बिघडली असती, म्हणजे आकडे ४४, ४४, ४४ आणि ५६ असे असते, तर मध्यक ४४ वर अढळ राहिला असता आणि सरासरी मात्र ४७ झाली असती. निम्म्या नोंदी बिघडल्या की मध्यकाचाही आधार सुटतो, आणि या दिवशी संशयास्पद नोंदी नेमक्या निम्म्या होत्या. ‘मध्यक सुरक्षित असतो’ हे वाक्य पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही अट सहसा ठाऊक नसते.

यानंतर कोणीतरी प्रमाण विचलनाचा, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत ते सांगणाऱ्या मापाचा, आधार घेतो. सरासरीपासूनची विचलने ६.५, ४.५, उणे ५.५ आणि उणे ५.५ आहेत, त्यांच्या वर्गांची बेरीज १२३, तिला ३ ने भागून ४१ आणि वर्गमूळ घेऊन सुमारे ६.४. आता ५६ हे मूल्य सरासरीपासून जेमतेम एका प्रमाण विचलनाइतके दूर आहे, म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडची नोंद संशयास्पद मानणाऱ्या प्रसिद्ध नियमानुसार त्यात काहीही वावगे नाही. वर्ग येथे गोंधळतो, कारण नागपुरात ५६ अंश हे वावगे आहे हे शहरातले शेंबडे पोरही सांगेल. खरी अडचण नियमातच आहे. चोराला न्यायाधीशांच्या पंक्तीला बसवावे तसे येथे होते: ज्या नोंदीवर संशय आहे तीच नोंद सरासरी स्वतःकडे ओढते, प्रमाण विचलन फुगवते आणि त्या फुगलेल्या मापाने स्वतःला निर्दोष ठरवते. हे गणिताने काटेकोरपणे दाखवता येते. नोंदींची संख्या ‘न’ मानली, तर कोणतेही मूल्य सरासरीपासून (‘न’ वजा १) भागिले ‘न’चे वर्गमूळ यापेक्षा अधिक प्रमाण विचलनांइतके दूर जाऊच शकत नाही. चार नोंदींसाठी ही मर्यादा १.५ येते. वरच्या ४४, ४४, ४४, ५६ या उदाहरणात सरासरी ४७, प्रमाण विचलन ६ आणि ५६ चे अंतर बरोबर १.५ पट आहे. ५६ च्या जागी ५०० लिहिले तरी ते १.५ पटच राहील. नोंदी १० किंवा त्याहून कमी असतील तर तीन प्रमाण विचलनांचा नियम कोणालाही पकडू शकत नाही, आणि तरीही पाच-सहा नोंदींच्या प्रात्यक्षिकात तो सर्रास लावला जातो.

पेटीआलेखाचीही (बॉक्स प्लॉट) तीच गत होते. तो चतुर्थकांवरून, म्हणजे क्रमवार नोंदींचे चार समान भाग करणाऱ्या मूल्यांवरून, संशयित नोंदींसाठी सीमा आखतो. खालच्या जोडीचा मध्यक ४४, वरच्या जोडीचा ५५, म्हणजे चतुर्थकांमधील अंतर ११. त्याच्या दीडपट म्हणजे १६.५ वरच्या चतुर्थकात मिळवले की सीमा ७१.५ अंशांवर जाते. त्या सीमेच्या आत ५६ आरामात बसते. एका वर्षी एका विद्यार्थिनीने ५६ च्या जागी ७० घालून पाहिले, तर सीमा सरकून ८९ वर गेली, आणि त्या दिवसापासून त्या वर्गाने पेटीआलेखावर डोळे झाकून विश्वास ठेवणे सोडले.

जाता जाता एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती दरवर्षी होते. काही जण विचरण गुणांक, म्हणजे प्रमाण विचलनाचे सरासरीशी असलेले प्रमाण, काढतात: ६.४ भागिले ४९.५, म्हणजे सुमारे १३ टक्के. तेच चार आकडे फॅरनहाइटमध्ये बदलले तर सरासरी १२१.१ आणि प्रमाण विचलन सुमारे ११.५ होते आणि गुणांक साडेनऊ टक्क्यांवर उतरतो. ऊन तेच, हवा तीच, तरी सापेक्ष विखुरण बदलले, कारण सेल्सिअसचे शून्य हे माणसाने ठरवलेले शून्य आहे. ज्या मापनश्रेणीचे शून्य खरे शून्य नसते तिच्यावर टक्केवारीची भाषा चालत नाही. याच कारणाने ५६ अंश हे ४४ अंशांपेक्षा सत्तावीस टक्क्यांनी अधिक उष्ण आहेत असेही म्हणता येत नाही.

एवढे झाल्यावर वर्गात शांतता पसरते, आणि मग संख्याशास्त्राच्या वहीत न सापडणारे प्रश्न सुरू होतात. एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, सोनेगावात ५४ आणि वर्धा रोडनं थोडं पुढं गेलं की ४४? मी रोज त्याच रस्त्यानं येतो. दहा मिनिटांत दहा अंश कुठं उतरतील?” हा प्रश्न माझ्या दृष्टीने त्या तासातील सर्वांत मोलाचा होता. शहरात सिमेंट आणि डांबरामुळे उष्णता साठते हे खरे असले, तरी तो परिणाम प्रामुख्याने रात्री जाणवतो, आणि भर दुपारी एकाच शहरात दहा-बारा अंशांची दरी त्यातून निघत नाही. शिवाय सर्वाधिक नोंद देणारे केंद्र सिमेंटच्या जंगलात नसून शेतजमिनीवर होते. भूतकाळाचीही साक्ष आहे. नागपूरच्या उन्हाचा उच्चांक ४८ अंशांच्या घरातला आहे. भारतातील सर्वोच्च मान्यताप्राप्त नोंद राजस्थानातील फलोदीची, १९ मे २०१६ ची, ५१ अंशांची आहे. आणि कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीची १० जुलै १९१३ ची जागतिक उच्चांकाची नोंद ५६.७ अंश आहे. रामदासपेठेतील त्या दुपारला जागतिक उच्चांकाच्या पंक्तीत बसवायचे, तर पुरावाही त्याच तोलाचा हवा.

तरीही कोणी आग्रहाने म्हणू शकतो की दोन केंद्रे ५४ किंवा त्याहून वर आहेत आणि दोन ४४ वर, मते समसमान आहेत, मग तुम्ही खालच्या दोहोंच्या बाजूने का? या आक्षेपाला चार आकड्यांतून उत्तर देता येत नाही. त्यासाठी आणखी नोंदी हव्यात, आणि त्या कशा मांडायच्या हे ठरवणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. वर्गात सगळे ज्याला स्कॅटर डायग्राम म्हणतात तो विखुरण आलेख येथे कामाला येतो.

आडव्या अक्षावर ज्या केंद्रावर विश्वास आहे त्याची नोंद घ्यावी, उभ्या अक्षावर संशयित केंद्राची त्याच वेळेची नोंद घ्यावी, दोन्ही अक्षांना एकच प्रमाण द्यावे आणि दोन्ही नोंदी समान असतील तेव्हा बिंदू जिच्यावर पडेल ती कर्णरेषा आधीच आखून ठेवावी. ही रेषा आखण्याचा आळस करू नये, कारण ती नसेल तर डोळा बिंदूंच्या ढगातूनच एखादी रेषा काढतो आणि तिलाच योग्य मानतो. आता वेगवेगळे बिघाड वेगवेगळ्या आकारांनी समोर येतात. संवेदक (सेन्सर) सदैव ठराविक अंशांनी जास्त दाखवत असेल तर सगळे बिंदू कर्णरेषेला समांतर, पण तिच्या वर सरकलेले दिसतील. मुंगेशपूरच्या बाबतीत हवामान विभागाने प्रमाणित उपकरणाशी तुलना करून जवळपास ३ अंशांचा फरक काढला, तो अशा तुलनेतूनच निघू शकतो. समजा एखादा संवेदक ३८ अंशांपर्यंत ठीक चालतो आणि त्यापुढे ताळतंत्र सोडतो, तर बिंदू तेथवर कर्णरेषेला चिकटून येतील आणि मग वर उसळतील, म्हणजे आलेखाला कोपर फुटल्यासारखे दिसेल. आणि संवेदकावरचे ऊन अडवणारे आवरण सदोष असेल, तर ढगाळ दिवसांचे आणि रात्रीचे बिंदू रेषेवर राहतील, फक्त स्वच्छ उन्हाच्या दुपारचे बिंदू वर जातील. हा प्रकार ओळखण्यासाठी प्रत्येक बिंदूला तासानुसार रंग द्यावा लागतो, नाहीतर तो साध्या विखुरणासारखा भासतो.

याच ठिकाणी सहसंबंध गुणांकावरचा, म्हणजे दोन नोंदमाला किती सोबत चढतात-उतरतात ते सांगणाऱ्या आकड्यावरचा, विश्वास तपासून घ्यावा लागतो. वर्गातील हुशार मुले म्हणतात की दोन केंद्रांच्या नोंदींचा सहसंबंध काढा, तो १ च्या जवळ आला तर दोन्ही उपकरणे ठीक आहेत. यात दोन चुका आहेत. पहिली अशी, की सहसंबंधाला सरकणे दिसत नाही आणि ताणणेही दिसत नाही. एखादे केंद्र प्रत्येक वेळी दहा अंश जास्त दाखवत असले तरी दुसऱ्या केंद्राशी त्याचा सहसंबंध जसाच्या तसा राहतो. सहसंबंध म्हणजे सोबत चालणे, सहमती नव्हे. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. तासागणिक तापमान घेतले तर नागपूर आणि रामटेक यांचा सहसंबंध उत्तम येणारच, कारण दोन्हीकडे सूर्य एकाच वेळी उगवतो आणि एकाच वेळी मावळतो. या दैनंदिन चढउताराच्या जोरावर बऱ्यापैकी बिघडलेले उपकरणही चांगला गुणांक मिळवून जाते. म्हणून मूळ नोंदींचा नव्हे, तर त्याच तासाच्या दोन नोंदींतील फरकाचा आलेख काढावा: उभ्या अक्षावर फरक, आडव्या अक्षावर दोहोंची सरासरी. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली वैद्यकीय मापनांसाठी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि रक्तदाबमापकांची तुलना असो वा तापमापकांची, तिचा उपयोग सारखाच होतो. फरक शून्याभोवती विखुरलेला दिसला तर दोन्ही उपकरणांचे जमते. तापमान वाढेल तसा फरक वाढत गेला तर वरच्या टोकाला काहीतरी बिनसले आहे.

एका दिवसापुरता बिघाड असेल तर काय होते, हे दाखवण्यासाठी मी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांच्या चार संचांपैकी तिसरा संच घेतो. त्यात ११ बिंदू आहेत. चारही संचांची सरासरी, प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग), सहसंबंध आणि समाश्रयण रेषा (बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा) जवळजवळ तंतोतंत सारख्या आहेत: आडव्या चलाची सरासरी ९, उभ्याची ७.५, सहसंबंध ०.८२ आणि रेषेचा चढ ०.५. तिसऱ्या संचात दहा बिंदू एका सरळ रेषेत शिस्तीने उभे आहेत आणि अकरावा, आडवे मूल्य १३ आणि उभे मूल्य १२.७४ असलेला, एकटाच वर गेला आहे. इतर दहांच्या रेषेवर तो ८.५ च्या आसपास असायला हवा होता. त्याला बाजूला ठेवले तर चढ ०.५ वरून सुमारे ०.३५ वर येतो आणि सहसंबंध जवळपास पूर्ण १ होतो. म्हणजे दहा बिंदूंची परिपूर्ण शिस्त एका बिंदूने ०.८२ च्या मध्यम प्रतीच्या संबंधात बदलून टाकली, आणि गुणांक वाचणाऱ्याला वाटले असते की सगळ्याच नोंदी थोड्याथोड्या अस्ताव्यस्त आहेत. सोनेगावसारख्या ठिकाणी स्वयंचलित केंद्राशेजारी स्टीव्हन्सन पेटीतील (ऊन अडवून हवा खेळती ठेवणाऱ्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतील) तापमापकाच्या नोंदी घेणारी वेधशाळा असते, तेव्हा असा एकटा बिंदू लगेच उघडा पडतो, कारण दोन्ही उपकरणांवर वाहणारी हवा एकच असते.

विभागाने नंतर स्पष्ट केले की संवेदकाच्या बिघाडामुळे नागपूरची ती नोंद चुकीची होती. वर्गाला हे सांगितल्यावर सुटकेचा निःश्वास ऐकू येतो आणि ‘मग टाकून द्या ते आकडे’ असा सूर निघतो. येथे मी त्यांना थांबवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जाहीर केली, तेव्हा उपग्रहाच्या नोंदींत ती घट आधीपासून होती. पण १८० डॉब्सन एककांखालील (हे हवेतील ओझोन मोजण्याचे एकक) मूल्यांवर संशयाची खूण होत असे, आणि पडताळ्यासाठी पाहिलेल्या दक्षिण ध्रुवावरील उपकरणाच्या त्या वेळच्या नोंदी पुढे चुकीच्या ठरल्या. तेथे विचित्र दिसणारा आकडा खरा निघाला आणि साक्षीदार उपकरण खोटे. म्हणून आडव्या अक्षावर कोणाला बसवायचे, हा निर्णय आलेख काढण्याआधीचा आहे आणि त्याचे कारण लिहून ठेवावे लागते. ‘बाकीच्यांसारखे नाही’ एवढे कारण पुरेसे नसते.

चुकीची नोंद तशीच ठेवली तर बिघडते किती, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. एका दिवसाची कमाल नोंद १२ अंशांनी जास्त असेल, तर ३१ दिवसांच्या मे महिन्याची कमाल तापमानाची सरासरी १२ भागिले ३१, म्हणजे सुमारे ०.३९ अंशाने वाढते. रोजच्या बोलण्यात हा फरक नगण्य आहे, पण दशकांतील तापमानवाढ अंशाच्या दशांशांतच मोजली जात असल्याने हवामानबदलाच्या अभ्यासकाला तो मोठा आहे. महिन्याचा मध्यक एका नोंदीने जवळपास हलत नाही. सर्वांत नाजूक आहे महिन्याची कमाल नोंद: तिला बिघडवायला एकच खोटा आकडा पुरतो, आणि वर्तमानपत्राचा मथळा नेमका तिच्यावरच बेतलेला असतो.

शेवटच्या तासाला वर्गाने तक्ता कसा भरायचा यावर बराच वाद घातला. रामदासपेठ आणि सोनेगाव यांच्या रकान्यांत ४४ लिहावे असे काहींचे म्हणणे होते. ते मी मान्य केले नाही, कारण शेजाऱ्याची नोंद उसनी घेतली की चार केंद्रांचे नाव लावून प्रत्यक्षात दोनच केंद्रे उरतात आणि विखुरण कृत्रिमरीत्या कमी होते. अखेर दोन रकाने ठरले. पहिल्यात उपकरणाने दिलेले ५६ आणि ५४ जसेच्या तसे, काहीही न खोडता. दुसऱ्यात, ज्यावरून पुढची आकडेमोड करायची, त्या दोन्ही जागी आडवी रेघ, आणि तळटीपेत तारीख, कारण व कोणत्या उपकरणाशी ताडून पाहिले याची नोंद. सरासरीच्या ओळीत केंद्रांची संख्या ४ ऐवजी २ लिहिली गेली, आणि ज्या विद्यार्थ्याने वर्धा मार्गाचा प्रश्न विचारला होता, त्यानेच त्या २ भोवती लाल शाईने गोल केला.